तिसरी हाक

गेल्या नऊ वर्षांत भुताटकीसाठी नाव काढलेले अकरा किल्ले आणि वाडे मी पाहिले, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी हेच ऐकायला मिळालं की भूत इथे नाही, पुढच्या किल्ल्यात आहे. शिवडीच्या रखवालदाराने मला वसईला जायला सांगितलं. वसईच्या रिक्षावाल्याने मढचं नाव घेतलं. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात, परवानगीशिवाय आत सोडत नाहीत. तरी बाहेर टपरीवर चहा पिताना विचारलंच. टपरीवाला म्हणाला, "ताई, इथे शूटिंगवाले येतात, भुतं कशाला राहतील? पुण्याला शनिवारवाड्यात जा." शनिवारवाड्यासमोरच्या भेळवाल्याने राजस्थानातल्या भानगडची शिफारस केली. भूत म्हणजे बहुधा सरकारी ऑफिसातल्या साहेबासारखं असावं. कधीही जा, आत्ताच बाहेर गेलेले असतात.

मी मूळची शिवडीची. बीडीडी चाळीतली. बाबा गोदीत होते. चाळीपासून गोदीकडे चालत गेलं की शिवडीचा किल्ला लागायचा, पण तेव्हा त्याला किल्ला म्हणावं असं कुणाला वाटत नसे. बरीच वर्षं त्याचा गोदामासारखा वापर झालेला, त्याआधी म्हणे तिथे कैदी ठेवत. दादाचं म्हणणं होतं की रात्री आत गोरा सायब बूट वाजवत फिरतो. मी तिसरीत असताना एका संध्याकाळी त्याने मला पाच पैशांच्या पैजेवर दरवाजातून आत पाठवलं. दरवाजातून आत गेलं की समोर भिंत. पुढे काय आहे ते दिसतच नाही. काटकोनात वळलं तरच आतलं आवार. त्या वळणापाशी माझे पाय जे थिजले ते थिजलेच. पाच पैसे गेले, वर चाळभर "भित्री भागूबाई" झालं ते वेगळंच.

चाळिशीत पुन्हा तिथे गेले तेव्हा कळलं की ते वळण मुद्दामच तसं ठेवलेलं आहे. शत्रूने सरळ मुसंडी मारून आत शिरू नये, वळताना त्याचा जोर तुटावा, म्हणून. किल्ला इंग्रजांनी १६८० मध्ये बांधला. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी मला घाबरवायला ती भिंत घालून ठेवली होती आणि ती चोख कामाला आली. गंमत अशी की ज्यांच्यासाठी घातली त्यांच्यापुढे आली नाही. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईवर चालून आला, तेव्हा आधी शिवडी पडली, मग माझगाव. पुढे वर्षभराहून जास्त काळ इंग्रज आपल्या कोटात कोंडून बसले होते. दादाच्या गोष्टीतला गोरा सायब खरोखरच्या लढाईत टिकला नव्हता, पण गोष्टीत मात्र बूट वाजवत पहारा देत होता.

एक सांगायचं राहिलं. आपल्याकडे ज्याला खरोखर 'कॅसल' म्हणत असा मुंबईत एकच: बॉम्बे कॅसल. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याला १५५४ मध्ये हे बेट भाडेपट्ट्याने मिळालं, त्याच्या घराच्या जागी पुढे हा कोट उभा राहिला. ब्रिटिश काळातल्या सरकारी कागदांवर वरती पत्ता म्हणून 'बॉम्बे कॅसल' छापलेलं असे. आता तो नौदलाच्या आवारात आहे. माझं ऑफिस तिथून चालत पंधरा मिनिटांवर, आणि एकवीस वर्षांत मला त्याची एक भिंत तेवढी दिसलेली आहे. दरवाजावर दोन पोर्तुगीज शिपाई कोरलेले आहेत, त्यांचा फोटोच पाहिलाय. भूत असलंच तर त्यालासुद्धा पास लागत असेल.

तर हा नाद. नवऱ्याला त्यात काडीचा रस नाही. तो म्हणतो, "आठवडाभर व्हिरार फास्ट बघतेस, आणखी कसली भुतं हवीत?" म्हणून माझी जोडीदारीण म्हणजे माझ्या सासूबाई. वय ७६, माहेर मालवणजवळचं, दहिसरला राहायला येऊन पन्नास वर्षं झाली तरी बोली तसूभर हललेली नाही. मला वाटायचं, त्या भुतांना घाबरत असतील. घाबरत नाहीत. त्यांचा आक्षेप वेगळाच आहे. लोक भुताला नीट नाव घेऊन हाक मारत नाहीत, हे त्यांना खपत नाही.

"भूत भूत काय? भूत म्हणजे काय एकच आसता?" असं म्हणून त्या बोटांवर मोजायला लागतात. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला तो मुंजा, त्याचा मुक्काम पिंपळावर. पैशात जीव अडकून गेला तो समंध. गावाची वेस राखतो तो देवचार, तो तर आपलाच माणूस, रात्रीच्या वेळी वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो, फक्त त्याला वर्षाचा मान द्यायचा. पाण्यात बुडून गेला तो गिरा, तो पाण्याकडे बोलावतो. खवीस वाईट, त्याचं नाव तिन्हीसांजेला घ्यायचं नाही. आणि चकवा. चकव्याला रूप नाही, आवाज नाही. तो काही करत नाही. नुसता फिरवतो. चाललाय चाललाय, आणि पुन्हा त्याच आंब्याखाली. यावर त्यांच्या आजीने दिलेला उपाय असा की चालायचं नाही, बसायचं, आणि दिवस उजाडेपर्यंत बसून राहायचं.

दुसरा नियम हाकेचा. रात्री बाहेरून कुणी नाव घेऊन बोलावलं तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीला नाही. तिसरी हाक आली तरच माणूस. भुताला तिसऱ्यांदा हाक मारता येत नाही. का येत नाही, हे मी विचारलं होतं. "त्येका तेवढी गरज नसता," म्हणाल्या.

शनिवारवाड्यात त्यांना घेऊन गेले ते २०१७ मध्ये. तिथली कथा सगळ्यांना पाठ आहे. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, १८ वर्षांचा नारायणराव पेशवा, मागे हत्यारं उपसलेले गारदी, आणि तो धावत जाऊन काकाला, म्हणजे रघुनाथरावाला मिठी मारतो. "काका, मला वाचवा." काका वाचवत नाही. चिठ्ठीतल्या 'ध'चा 'मा' आनंदीबाईंनी केला अशी गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. पुरावा म्हणून ती फार लंगडी आहे, पण मराठी माणसाला अक्षरातला खून इतका आवडतो की ती कुणी सोडणार नाही. पौर्णिमेच्या रात्री ती किंकाळी अजून ऐकू येते म्हणतात. काही जण अमावास्या म्हणतात. ज्या बाजूने प्रेत बाहेर नेलं त्या दरवाजाला नारायण दरवाजा म्हणतात. आम्ही तिथे उभ्या होतो आणि शेजारी एक मुलगा मोबाइल उंच धरून आपल्या चाहत्यांना हे सगळं कुजबुजत सांगत होता. दुपारचे साडेतीन वाजले होते, मागून पीएमटीचा हॉर्न.

मूळ वाडा १८२८ च्या आगीत जळाला. आग काही दिवस धुमसत होती. आज दिसतात ते चौथरे, कारंज्यांचे हौद आणि तट. किंकाळी ज्या दालनातून उठते म्हणतात ते दालनच नाही. भूत राहतं तर उघड्यावर राहतं.

आईंनी (मी सासूबाईंना आईच म्हणते) सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आवाज येता म्हणतत मां? मगे कोण बघूक गेलो काय नाय?"

"आता कोण जाणार आई? अडीचशे वर्षं झाली."

"आता न्हय गो. तेवा."

तेव्हा एक जण गेला होता, हे मला त्या चौथऱ्यावर उभं राहून आठवलं. रामशास्त्री प्रभुणे. चौकशी केली, काकाला दोषी ठरवलं, देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडून गेले. आईंनी मान हलवली. "मगे एक तरी होतो." आणि बाकरवडी घ्यायला चला म्हणाल्या. पुण्यात आमचा वाद झाला तो बाकरवडीच्या रांगेवरून, तो इथे नको.

भानगडला मी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर गेले, आई आल्या नाहीत. त्याबद्दल थोडक्यात. अलवर जिल्ह्यात, अरवलीच्या कुशीत, सोळाव्या शतकातलं गाव आणि गढी. तांत्रिकाचा शाप, राणी रत्नावती, सगळा मसाला. पुरातत्त्व खात्याची पाटी आहे की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी आत थांबायला मनाई. या पाटीवर अख्खी ख्याती उभी आहे. आता ही मनाई खात्याच्या बहुतेक स्मारकांना असते. आमच्या शीवच्या टेकडीवर किल्ला आहे, त्याच्या पायथ्याशीच खात्याचं मुंबईचं ऑफिस आहे; तिथेही रात्री तुम्हाला कुणी गादी घालून देणार नाही. पण शीव स्टेशनाला लागून असलेल्या जागेला शाप कोण देणार? भानगडला मला भीती वाटली ती माकडांची. एकाने पर्समधून थेपल्याचं पाकीट काढून नेलं, अगदी चेन उघडून.

आणि मग एडिंबरा. भाची तिथे शिकायला होती, २०१९ मध्ये तिच्याकडे दहा दिवस राहिले. सगळ्या प्रवासात मला "इथे नाही, पुढे जा" असं ज्यांनी म्हटलं नाही असे लोक तिथेच भेटले. तिथे भूत नेमकं इथेच असतं, आणि वेळेवर असतं. संध्याकाळच्या फेरीचं तिकीट, काळा झगा घातलेला गाइड, "या दगडावर उभ्या राहा, थंड वाटतंय का?" स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरात संध्याकाळी कुठल्याही दगडावर उभं राहिलं तरी थंड वाटतं हो. किल्ला मात्र खरा दांडगा. एका विझलेल्या ज्वालामुखीच्या खडकावर बसलेला, आणि रविवार सोडून रोज दुपारी बरोबर एक वाजता तोफ उडते, १८६१ पासून. बंदरातल्या जहाजांना घड्याळ लावता यावं म्हणून सुरू केली. आम्हाला माहीत असून आम्ही दोघी दचकलो. भाचीच्या हातातली कॉफी माझ्या एकुलत्या एक लोकरी कोटावर.

तिथल्या गोष्टींतली एक माझ्याबरोबर घरी आली. किल्ल्याखालून शहराकडे जाणारं एक भुयार सापडलं. मोठ्या माणसांना जाता येईना, म्हणून एका पोराला आत उतरवलं. बॅगपाइप वाजवत चालायला सांगितलं, म्हणजे वर रस्त्याने चालणाऱ्यांना त्या आवाजावरून भुयार कुठे जातं ते कळेल. पोरगा वाजवत गेला, वरची माणसं आवाजाबरोबर चालत राहिली. अर्ध्या वाटेवर आवाज थांबला. गाइडच्या सांगण्याप्रमाणे भुयाराचं तोंड मग बुजवून टाकलं, आणि अजून शांत रात्री रस्त्याखालून पाइपचे सूर येतात.

रात्री फोनवर मी ही गोष्ट आईंना सांगितली. दहिसरला तेव्हा मध्यरात्र उलटलेली, पण त्यांना झोप नसतेच. बराच वेळ पलीकडून काही नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"मगे तां पोर खंय गेलां?"

"माहीत नाही आई. गोष्टच आहे ती."

"आणि ह्यांनी तोंड बुजवल्यानी?"

"हो."

"शिरा पडो त्यांच्या तोंडार," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्याच रस्त्याच्या वरच्या टोकाला, किल्ल्याच्या अंगणाजवळ, एक छोटा धातूचा झरा भिंतीत बसवलेला आहे. चेटकिणी ठरवून त्या परिसरात जाळलेल्या बायकांच्या स्मरणार्थ. आमची फेरी त्याच्यासमोरून गेली, गाइड तिथे थांबला नाही. त्याला बहुधा वेळेत पुढचा थंड दगड गाठायचा होता.

आता वसई. वसईला मी याआधी चार-पाचदा तरी गेले असेन, पण गेल्या नोव्हेंबरात गेले ती शनिवारवाड्याच्या काकाच्या मागावर. त्याचं पुढे काय झालं म्हणून वाचत गेले आणि बोट नेमकं वसईवर येऊन थांबलं. खुनानंतर पेशवाईसाठी रघुनाथराव इंग्रजांकडे गेला. १७७५ मध्ये सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह केला आणि मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली. जी वसई त्याच्या स्वतःच्या काकाने, चिमाजी अप्पाने, १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतली होती. वेढा फेब्रुवारीपासून मेपर्यंत, सुरुंग फुटतायत, हजारोंनी माणूस पडतंय, आणि अप्पा म्हणाला म्हणतात की किल्ला येत नसेल तर मला तोफेला बांधून उडवा, निदान डोकं तरी आत पडू दे. चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशकात नारोशंकराच्या देवळात आहे ती अशीच एक, भीमाशंकरला एक. आणि त्रेसष्ट वर्षांनंतर, ३१ डिसेंबर १८०२ ला, याच वसईत इंग्रजांची तैनाती फौज पदरी घेण्याच्या तहावर सही केली दुसऱ्या बाजीरावाने. हा त्या रघुनाथरावाचा मुलगा. एका काकाने घेतली, दुसऱ्या काकाने देऊ केली, त्याच्या पोराने तिथेच बसून सगळंच देऊन टाकलं. शनिवारवाड्यात किंकाळी येते म्हणतात ती आली तर खरं म्हणजे वसईत ऐकू यायला हवी.

हे सगळं मी आईंना गाडीत सांगत होते. भाईंदरच्या खाडीवर गाडी आली तशी त्यांनी पर्समधून एक रुपया काढून खाडीत टाकला, हात जोडले आणि म्हणाल्या, "काकांचां नशीबच वायट गो ह्या घराण्यात."

वसई रोडला उतरून बसने किल्ला. दुपारी तीनच्या सुमाराला आत शिरलो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: हा डोंगरी किल्ला नाही. शंभराहून जास्त एकरांचं एक तटाने वेढलेलं पडकं गाव आहे, दोन बाजूंना खाडी आणि समुद्र. मधून चालता रस्ता, कारण पलीकडे किल्लाबंदर, कोळीवाडा. टेम्पो जातात, शाळेतली पोरं सायकलवरून जातात. दोन्ही बाजूंना झाडोरा आणि त्यात मध्येच चर्चच्या उघड्या भिंती, छप्पर नाही, कमानी शाबूत, कमानींतून वडाची मुळं खाली आलेली. नागेश्वराचं देऊळ आहे, वज्रेश्वरीचं आहे. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांचे दगड फरशीसारखे बसवलेत, आपण चालतो ते त्यांच्यावरूनच.

तिथे मी बराच वेळ काढला. एका दगडावरची माती ओढणीच्या टोकाने झाडली. वरती ढालीसारखं घराण्याचं चिन्ह, खाली चार ओळी. अक्षरं मोठी, एकमेकांना चिकटवून कोरलेली, जागा पुरणार नाही म्हणून शेवटची दोन एकमेकांत घुसवलेली. कोरणाऱ्याचा अंदाज चुकला होता, पार चुकला होता, आणि मग त्याने कडेला सांभाळून घेतलं होतं. आमच्या चाळीतल्या गणपतीच्या बोर्डावर 'मंडळ'चा 'ळ' असाच दरवर्षी खाली उतरायचा. मला एकच शब्द लागला, सेपुल्तुरा. थडगं. कुणाचं, ते झिजलंय. एक शेळी येऊन उभी राहिली आणि मी झाडलेल्या मातीतलं गवत तिने खाल्लं.

याच किल्ल्यात वाढलेला गोन्सालो गार्सिया पुढे जपानात गेला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि संत झाला. इतक्या लोकांचं येणं-जाणं, मरणं असलेल्या जागेत भूत नसेल तर कुठे असेल, असं माझं मत. आईंचं मत, भूक लागलीय.

त्यांना नागेश्वराच्या देवळाच्या पायरीवर बसवलं, डबा दिला, आणि "समुद्राकडचा दरवाजा बघून अर्ध्या तासात येते" म्हणून निघाले. साडेचार झाले होते. दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले लोखंडी खिळे, पलीकडे होड्या, वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. जाळं विणत बसलेल्या एका कोळणीला नेहमीचा प्रश्न विचारला. तिने वर बघितलंसुद्धा नाही. "इथे कसलं भूत? रात्री पिणारी पोरं येतात आत, त्यांना भिते मी. भूत हवं तर अर्नाळ्याला जा."

परतताना मला वाटलं, रस्त्याने कशाला, झाडीतून पायवाटेने जाऊ, एक चर्च राहिलंय तेही होईल. पायवाटेवर पुढे एका कमानीतून पांढऱ्या पायघोळ झग्यातली एक बाई बाहेर आली आणि थांबली. मीही थांबले. मग झाडामागून आवाज आला, "मॅडम, फ्रेममधून बाजूला व्हा ना प्लीज." लग्नाआधीचं शूटिंग. नवरा मुलगा घामाने थबथबलेला, सुटात. मी बाजूला झाले, बाजूच्या वाटेने गेले, आणि तिथेच चुकलं.

पहिल्यांदा त्या उंच मनोऱ्याच्या चर्चपाशी आले तेव्हा काही वाटलं नाही. दहा मिनिटांनी पुन्हा तोच मनोरा समोर आला तेव्हा हसू आलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा आलं नाही. नोव्हेंबरातली संध्याकाळ, सहा वाजता उजेड असा जातो की कुणीतरी बटण दाबलंय. मोबाइलवर नकाशात निळा ठिपका समुद्रात. सगळ्या पायवाटा सारख्या, सगळीकडे करवंदीसारखी काटेरी जाळी, सगळ्या भिंती त्याच काळ्या दगडाच्या. शूटिंगवाले गेलेले. पाखरांचा कालवा एकदम थांबला.

मला माहीत होतं काय झालंय ते. तट वाकडा आहे, मी तटाला डाव्या हाताला ठेवून चालत होते आणि गोल फिरत होते. इतकं कळतं मला, वाणिज्य शाखेची पदवी आहे. पण पायांना कळत नव्हतं. आईंच्या आजीचं आठवलं: चालायचं नाही, बसायचं. मनोऱ्याच्या पायथ्याशी एका पडक्या दगडावर बसले. शिवडीच्या त्या वळणापाशी उभी होते तीच मी, फक्त पाच पैशांच्या ऐवजी सत्तेचाळीस वर्षं हातात.

मग हाक आली.

माझं नाव. माहेरचं, जे सासरी कुणी घेत नाही. बाईचा आवाज, लांबून, पाण्याच्या बाजूने. अंगावर काटा आला म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, मानेपासून कोपरापर्यंत एक एक केस मोजता येईल असा. तोंड उघडलं आणि मिटलं. पहिली हाक.

दुसरी आली, थोडी जवळून, जरा तुटक. मी दगड घट्ट धरून बसलेली. गिरा पाण्याकडे बोलावतो. पाणी त्याच बाजूला होतं.

मग काही नाही. खूप वेळ नाही. एक मिनिट असेल, दोन असतील. मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली ती त्या दोन मिनिटांत. तिसरी आलीच नाही तर, याची.

आली. सोबत एक दणदणीत शिवीही आली, ती इथे लिहीत नाही. झाडीतून टॉर्चचा उजेड हलत आला, पुढे ती जाळं विणणारी कोळीण, हातात कोयता, आणि तिच्या मागे एका हाताने नऊवारीचा ओचा वर धरलेल्या, दुसऱ्या हातात माझा रिकामा डबा घेतलेल्या आई. पायात चप्पल नव्हती. वाटेत कुठेतरी तुटली होती.

"बहिरी झालंस काय? ओ दिवक काय झाला तुका?"

"तिसऱ्या हाकेची वाट बघत होते, आई. तुम्हीच सांगितलं होतं ना."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग कोळणीकडे बघून म्हणाल्या, "बघ गो बाये. ह्या वयात माका तीनदा बोंबलूक लावल्यान." कोळणीने टॉर्च माझ्या तोंडावर मारला, मी खरी आहे का ते पाहिलं, आणि वळली.

बंदरावरून रिक्षा मिळाली. कोळणीने आम्हाला येताना अर्धा किलो सुके बोंबील दिले, पैसे घेईना, शेवटी आईंनी तिच्या जाळ्यात नोट खुपसली. गाडीत चढेपर्यंत आई बोलल्या नाहीत. नायगाव गेल्यावर विचारलं, "माझं माहेरचं नाव कसं घेतलंत?"

"सासरचां घेतलंय असतां तर तू थांबलं असतंस काय? तां नाव ऐकलां की तू कायम म्हणतंस, दोन मिनटां हां आई."

खाडीचा पूल आला. त्यांनी पुन्हा पर्स उघडली, रुपया शोधला, मिळाला नाही. माझ्याकडे हात पुढे केला. माझ्याकडेही सुटे नव्हते.

"ऱ्हव दे," म्हणाल्या. "अर्नाळ्याक जाताना टाकूया."